दाराजवळची खुर्ची

४ मार्च

प्रिय दादा,

हे पत्र कामासाठी इकडून तिकडे ये-जा करणाऱ्या नर्सबाईंच्या हाती पाठवतेय, म्हणून मोकळ्या मनानं लिहिते. पोस्टानं येणारी माझी पत्रं कशी असतात ते तुला ठाऊकच आहे: हवापाणी, सर्दी-पडसं आणि ‘इकडे सर्व खुशाल’. ती तुझ्याआधी दुसरेच फोडून वाचतात, तेव्हा त्यांना तरी वाचायला कशाला जास्त द्यायचं?

तू विचारलंस, ‘टिटवे, तू तिकडे परदेशात नेमकं करतेस तरी काय?’ सांगते. मी जिन्यात उभी राहते. इथे एक मोठी इमारत आहे. तिथे सगळ्या देशांचे प्रतिनिधी जमतात आणि कुठल्या देशात कुणाच्या श्रद्धेवर काय गदा आली, याची सुनावणी करतात. आमचं ऑफिस त्या इमारतीच्या मागच्या गल्लीत आहे. ऑफिस म्हणजे तीन टेबलं, एक कायम रुसलेला प्रिंटर आणि थोरल्या बाई. थोरल्या बाई आमच्या प्रमुख. आपल्यासारख्या मूठभर लोकांच्या पंथांची गाऱ्हाणी त्या आयुष्यभर या इमारतीत पोचवत आल्यात. सभागृहात बोलायला आम्हाला दोन मिनिटं मिळतात. त्या दोन मिनिटांत आपलं म्हणणं कुणाच्या तरी कानात शिरावं, म्हणून आधी महिनोन्‌महिने जिन्यात, लिफ्टच्या दारात, चहाच्या यंत्रापाशी उभं राहून एकेकाला गाठायचं. बहुतेक जण घड्याळाकडे बघत ऐकतात. तू म्हणायचास ना, या पोरीला बडबडीचे पैसे मिळाले असते तर! आता मिळतात. फार नाहीत.

परवा एका प्रतिनिधीला लिफ्टमध्ये पकडला. तो म्हणाला, “तुमचा धर्म दोन वाक्यांत सांगा, मला चौथ्या मजल्यावर उतरायचंय.” मी म्हटलं, “आठवड्यातून एकदा आम्ही कुणाच्या तरी घरी जमून गप्प बसतो. तेव्हा दार सताड उघडं ठेवतो आणि दाराजवळ एक खुर्ची रिकामी ठेवतो. जो येईल त्यानं बसावं.” तो थोडा वेळ वाट बघत राहिला. मग म्हणाला, “एवढंच?” म्हटलं, एवढंच. “मग तुमच्या सरकारला त्रास कशाचा होतो?” मी म्हटलं, “दाराचा.” दादा, तो चौथ्या मजल्यावर उतरलाच नाही. माझ्याबरोबर वरपर्यंत आला.

म्हणून आता नीट ऐक. तुझ्या खोलीतली बैठक बंद पाडायला निघालेत असं नर्सबाईंकडून कळलं. कोण आलं, काय म्हणालं, सगळं मला लिहून पाठव. आम्ही अहवाल करतोय. नाव कुणाचंही येणार नाही, ती काळजी माझ्यावर सोड.

पोरगी कॉलेजात रमली का? तिला म्हणावं, आत्या विचारत होती. वहिनीला सांग, तिच्या हातचा चहा इथल्या यंत्राला सात जन्मांत जमणार नाही.

तुझी, अजून तशीच कर्कश,
टिटवी


१९ मार्च

टिटवे,

पत्र पोचलं. वहिनीनं दोनदा वाचलं, म्हणजे चहाचं वाक्य दोनदा वाचलं.

तुला सगळं हवंय तर पाहुण्यांपासून सुरू करतो. गेल्या थंडीपासून आपल्या बैठकीला एक गृहस्थ यायला लागले. ते त्या खात्याचे आहेत हे आम्हाला ठाऊक, आणि आम्हाला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक. पण नियम तो नियम. जो येईल त्यानं बसावं. आले की आम्ही त्यांना दाराजवळची खुर्ची देतो. बिचाऱ्याचे गुडघे धरलेत. सबंध बैठकभर खोकायचं नाही, बोलायचं नाही, आणि टिपून घ्यावं असं कुणी काही बोलतही नाही! तुझ्या वहिनीला कणव आली, तिनं त्या खुर्चीला उशी शिवली. मी म्हटलं, अगं, हा आपल्यावर पाळत ठेवायला येतो. ती म्हणाली, “येऊ दे, पण गुडघ्यांनी काय केलंय?” एकदा तर ते घोरायलाच लागले. कुणी उठवलं नाही. त्यांच्याइतकी गाढ बैठक आमच्यापैकी कुणालाच साधली नाही, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

मग मला त्या खात्यातून बोलावणं आलं. साहेब तरुण आहेत, बोलायला गोड. म्हणाले, “तुमच्या श्रद्धेच्या आड आम्ही कुठे येतो? खुशाल बसा. फक्त दार लावून बसा. उघडं दार म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावणं, म्हणजे प्रचार. आणि प्रचाराला बंदी आहे.” मी म्हटलं, “साहेब, दार लावलं की ते नुसतं गप्प बसणं होतं. ते तर आम्ही रोजच करतो.” त्यांना हसू आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. मग म्हणाले, “अहो, तुम्ही तर किल्लीवाले. गावाच्या दारांना कुलपं बसवता. स्वतःच्या दाराला एक बसवायला हात का आखडता?”

यावरचं उत्तर मला घरी येताना जिन्यात सुचलं, पण ते साहेबांना सांगायला परत कोण जाणार! कुलूप ज्याचं त्यानं मागायचं असतं. माझ्या दुकानात आजवर एकही गिऱ्हाईक ‘शेजाऱ्याच्या दाराला कुलूप बसवा’ म्हणत आलेलं नाही.

तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशी दोघं उभे असतात. येणारे हळूहळू रोडावले. म्हाताऱ्या शिक्षिका यायच्या, त्यांना जिन्यातच अडवलं, तर त्या आता आपल्या घरी एकट्याच दार उघडं टाकून बसतात. आमच्याकडे मी, वहिनी, पोरगी आणि पाहुणे. दार मात्र उघडं आहे.

तेव्हा मांड आमचं गाऱ्हाणं, पण बेतानं. टिटवी देखील समुद्र आटविते म्हणतात. ते खरंही असेल, पण समुद्राच्या काठावर घरटं आमचं आहे, एवढं ध्यानात ठेव.

दादा


२ मे

प्रिय दादा,

अहवाल आला! नर्सबाईंबरोबर पाठवायची सोय नाही, जाडजूड आहे, पण तुझ्याबद्दलचं वाक्य पाठ आहे: ‘या पंथातल्या पन्नाशीच्या एका किल्लीवाल्याला, घरातली बैठक दार लावूनच घ्यावी, असं सांगण्यात आलं.’ नाव नाही, गाव नाही, गल्ली नाही. मी तीनदा तपासलं.

आणि सभागृहात काय झालं ते ऐक. आपल्या सरकारचे प्रतिनिधी उठले. फार सुरेख बोलले. म्हणाले, आमच्याकडे सर्वांना श्रद्धेची पूर्ण मोकळीक आहे, आपापल्या घराच्या चार भिंतींच्या आत कुणीही काहीही मानावं. आजूबाजूचे माना डोलवायला लागले. दादा, माझ्या मनात आलं की टेबलावर चढून ओरडावं, अहो, चार भिंतींना एक दारही असतं! आमची दोन मिनिटं आधीच संपली होती, म्हणून गप्प बसून राहिले. तेवढ्यात तो लिफ्टवाला प्रतिनिधी उठला. त्यानं अहवाल उघडला आणि विचारलं, “या किल्लीवाल्याला स्वतःच्या घराचं दार उघडं का ठेवता येत नाही?” बस, एवढंच. सभागृह गप्प. आपल्या बैठकीसारखं गप्प.

बाहेर आल्यावर थोरल्या बाईंनी माझी पाठ थोपटली. त्या कुणाचीच थोपटत नाहीत. मी रस्त्यात रडले, खुशीनं. तुझ्याबद्दल जगात कुणीतरी प्रश्न विचारला रे.

तुझी
टिटवी


२७ मे

टिटवे,

नाव नाही, गाव नाही, गल्ली नाही. बरोबर आहे. पण आपल्या माणसांत किल्लीवाले किती?

साहेबांनी मला पाहताच “या, किल्लीवाले!” म्हणून हाक मारली. सगळं ऑफिस हसलं. टेबलावर तुझं वाक्य होतं, आपल्या भाषेत उतरवून घेतलेलं. अंगाला कुणी हात लावला नाही, उलट चहा दिला. फक्त म्हणाले, “तुमची कीर्ती साता समुद्रापार गेलीय, तर तुमच्या हुन्नराचा सरकारलाही उपयोग होऊ दे.”

तेव्हापासून काम भरपूर आहे. आपल्यापैकी कुणाच्या घराची झडती घ्यायची असली की मला घेऊन जातात. दार मी उघडायचं. मागच्या आठवड्यात म्हाताऱ्या शिक्षिकांच्या घरी नेलं. मी पायरीवर बसून पेटी उघडली, तारा काढल्या, कानस काढली आणि कुलपाच्या भोकात तार घातली. आतून त्यांचा आवाज आला, “अरे, दार उघडंच आहे. ढकल की.” उघडंच होतं, गं. कुणी ढकलूनच बघितलं नव्हतं. मीही नाही. त्या आत बसल्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

पोरीचं नाव कॉलेजातून काढलं. कारण दिलेलं नाही.

नर्सबाईंची बॅग या वेळी दोनदा उघडली. त्या आता एकच फेरी करणार, मग बस म्हणाल्या. त्यांना मुलंबाळं आहेत. आपण त्यांचे उपकार फेडू शकणार नाही, तेव्हा निदान त्यांना थांबवू तरी नये.

तुझ्यावर रागावलेलो नाही. तू मुद्दाम थोडंच केलंस?

दादा

वन्सं, हे रागावलेले नाहीत म्हणतात ते खोटं नाही, त्यांना रागावता येतच नाही. मला येतं. तुमची दोन मिनिटं झाली आणि माझ्या पोरीचं वर्ष गेलं. तिकडे टाळ्या वाजतात, इकडे दार वाजतं. आता आमच्यावर एवढीच कृपा करा, गप्प राहा. – तुमची वहिनी


९ जून

दादा, वहिनी,

काय लिहू? मी हे पत्र चारदा सुरू केलं.

इथे माझ्या खिडकीतून चौकात चार किल्लीवाल्यांच्या पाट्या दिसतात. त्या बघत मी ‘एक किल्लीवाला’ असं लिहिलं आणि मला ते किती झाकलेलं वाटलं! आपण किती मूठभर आहोत हे जगाला ओरडून सांगणं हे माझं काम, आणि नेमकं तेच मी विसरले. वहिनी, तू रागाव. मी ऐकून घेईन.

पण आता गप्प राहून भागेल का, हे मला कळत नाही. थोरल्या बाईंशी बोलले. त्यांचं म्हणणं असं: आता दादा अर्धवट उजेडात आहे. खात्याला तो ठाऊक आहे, जगाला नाही. ही सगळ्यांत वाईट जागा. पुढच्या बैठकीत त्याचं नाव उघड घेतलं, सगळ्या देशांसमोर, तर त्याला गुपचूप नाहीसं करणं अवघड जाईल. अवघड म्हणजे अशक्य नव्हे, हेही त्यांनीच सांगितलं. आणि ज्याचं नाव त्याच्या होकाराशिवाय ते घ्यायचं नाही, हा त्यांचा कडक नियम आहे.

तेव्हा, दादा, हो की नाही ते तू सांगायचंस. नर्सबाईंची ही शेवटची फेरी, म्हणजे तुझं उत्तर पोस्टानं येणार आणि ते फोडून वाचलं जाणार. तुझ्या मानेवर बसून हवं ते लिहून घेतील याचीही मला खात्री आहे. लिहून द्यायला सांगितलं तर खुशाल लिही, जिवावर बेतू देऊ नकोस. मी ओळींच्या मधलं वाचेन. ‘हे मी माझ्या मनानं लिहितो’ असं वाक्य आलं, की समजेन माझ्या भावाच्या मानेवर कुणीतरी बसलंय. लहानपणी तू आईला ‘मी नाही फोडली बरणी’ म्हणायचास, तेव्हा फोडलेली कुणी ते मी चेहऱ्यावरून ओळखायचे. तुझं अक्षर तरी मला कसं फसवेल?

टिटवी


३० जुलै

चि. टिटवीस,

इकडे सर्व खुशाल. तुझी प्रकृती ठीक असेल.

पोरीचं नाव कॉलेजात परत घातलं. ती सोमवारपासून जाते. सकाळी पुस्तकं छातीशी धरून जिना उतरते, मी दुकानाच्या फळीवरून बघतो.

आम्ही आता दार लावून बसतो. कुलूप मीच बसवलं, पाच लिव्हरचं, पितळी. चांगलं बसलंय, आवाजही करत नाही. दार लावल्यामुळे वारा येत नाही, ते एक बरं झालं. पाहुणे आता येत नाहीत. त्यांची खुर्ची तुझी वहिनी इस्त्रीचे कपडे ठेवायला वापरते. मला झडत्यांना नेणंही बंद झालं आहे. म्हाताऱ्या शिक्षिका माझ्याशी बोलत नाहीत, पण त्यांचं वय झालं.

माझं नाव कुठेही घेऊ नकोस. माझ्याविषयी आधी लिहिलंस तेही जमलं तर मागे घे. मला थकवा आला आहे. मला वाटतं, माणसाला एका वेळी एकच दार उघडं ठेवता येतं, आणि मी पोरीचं ठेवलं.

हे मी माझ्या मनानं लिहितो आहे. तुला ते खरं वाटणार नाही हे ठाऊक आहे, पण दुसरं वाक्य सुचत नाही.

दादा


१२ सप्टेंबर

प्रिय दादा,

हे पत्र मुद्दाम पोस्टानं पाठवतेय. तुझ्याआधी जे कोणी वाचत असतील त्यांना नमस्कार. नीट वाचा, यात लपवण्यासारखं काही नाही.

मी तुझं नाव घेतलं. काल, सभागृहात, सगळ्या देशांसमोर. पूर्ण नाव, आईचं, वडलांचं, धंद्याचं.

तुझं पत्र वाचलं तेव्हा आधी हसू आलं आणि मग हमसाहमशी रडले. पाच लिव्हरचं कुलूप! तू, आणि दार लावणार? वडील तापानं फणफणले होते तेव्हासुद्धा तू दार लावू दिलं नव्हतंस, त्यांना दोन गोधड्या घातल्यास. त्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे! हे कुठल्याही साहेबाला सुचणार नाही, ते तूच घातलंस, मला कळावं म्हणून. ‘वारा येत नाही’ हेही कळलं. आणि शेवटी ते वाक्य, जे आलं की काय समजायचं ते मी तुला सांगून ठेवलं होतं. इतका स्पष्ट होकार कुणी कधी पाठवला नसेल.

थोरल्या बाई म्हणाल्या, आणखी एकदा विचार. मी म्हटलं, कुठल्या वाटेनं विचारू? जी वाट आहे तिच्यावर ते बसलेत. त्या म्हणाल्या, तुझी खात्री आहे? मी म्हटलं, माझा भाऊ आहे तो. त्यांनी माझ्यावर विसंबून हो म्हटलं.

बारा देशांनी तुझ्याबद्दल विचारलं, दादा. लिफ्टवाला तर दोनदा उठला. सरकारच्या प्रतिनिधींनी उत्तर दिलं की हा गृहस्थ सुखात आहे आणि स्वतःच तसं जगाला सांगेल. सांगू दे की! आता तू एकटा नाहीस. तुझ्या केसाला धक्का लागला तर मी हा समुद्र आटवीन.

तुझी
टिटवी


८ ऑक्टोबर

वन्सं,

तुमचं पत्र पोचलं. ते यायच्या आधीच त्याचा परिणाम पोचला होता, तेव्हा तेच आधी सांगते.

जुलैतलं यांचं पत्र कुणी लिहायला लावलं नव्हतं. हे स्वैपाकाच्या टेबलाशी बसले होते आणि मी चहा करत होते. मानेवर कुणी नव्हतं. तीन कागद फाडले. मला विचारत होते, “टिटवीला पटेल असं कसं लिहू?” मी म्हटलं, खरं ते लिहा, बहीण आहे, पटेल. कुलूप खरं होतं. वारा येत नव्हता हेही खरं होतं. खुर्चीवरचे कपडे माझे, मीच ठेवले, कारण रिकामी खुर्ची बघितली की हे जेवायचे नाहीत.

कुलूप बसवलं त्या दिवशी यांनी मला सांगितलं, “मी आता आपल्यातला उरलो नाही, पण पोरगी शिकेल.” मी म्हटलं, चालेल. खरंच चालणार होतं, वन्सं. माणूस जगतो असाही. तुम्हाला तुमचा भाऊ ठाऊक होता, पण तो जुना. दार लावणारा भाऊ तुम्हाला ठाऊकच नव्हता. तो मी सांभाळत होते.

तुमच्या त्या दोन मिनिटांनंतर आठवडा गेला आणि साहेब आले. बरोबर कॅमेरा आणि दिवे. साहेब आताही गोडच बोलले. यांनी एवढंच सांगायचं होतं की मी सुखात आहे, मला श्रद्धेची पूर्ण मोकळीक आहे, माझी बहीण खोटं बोलते. म्हटलं की झालं. पोरीचं कॉलेज सुरू राहणार, दुकान सुरू राहणार. मी यांच्याकडे बघितलं आणि डोळ्यांनी सांगितलं, म्हणा. हात जोडून सांगितलं म्हणा हवं तर. बहिणीला खोटी म्हटलं तर तिकडे तिचं काय अडणार होतं!

दिवे लावले. साहेबांनी विचारलं, “तुम्हाला प्रार्थनेची मोकळीक आहे ना?”

हे म्हणाले, “थांबा, दाखवतो.” उठले. खिशातून किल्ली काढली, स्वतः बसवलेलं कुलूप उघडलं आणि दार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं. खुर्चीवरचे माझे कपडे उचलून माझ्या हातात दिले. खुर्ची दाराजवळ ठेवली, उशी झटकली, आणि स्वतः समोर जमिनीवर मांडी घालून बसले. डोळे मिटले. कॅमेरावाल्याला कळेना बंद करावा की काय. जिन्यात शेजारपाजारचे जमले होते, ते सगळे बघत राहिले. साहेबांनी दोनदा हाक मारली. हे बैठकीत होते, कसं बोलणार?

बैठक संपायची वाट त्यांनी पाहिली नाही. उचलूनच नेलं. कुलूपही काढून नेलं, पुरावा म्हणून. आता दाराला नुसती भोकं आहेत.

कुठे ठेवलंय ते सांगत नाहीत. मी रोज त्या ऑफिसात जाते आणि बाकावर बसते. पोरीचं नाव पुन्हा काढलं. ती रडली नाही. घरी आली, परसातून एक वीट आणली आणि दाराला लावली, वाऱ्यानं लागू नये म्हणून. त्या संध्याकाळी म्हाताऱ्या शिक्षिका काठी टेकत जिना चढून आल्या आणि यांच्या जागी बसल्या. काही बोलल्या नाहीत.

मी तुम्हाला क्षमा केलेली नाही. करेन की नाही हे माहीत नाही, आणि आत्ता त्याला वेळही नाही. मी तुम्हाला लिहिलं होतं, गप्प राहा. ते आता मागे घेते. नाव घेतलंत ना? मग आता थांबायचं नाही. जिन्यात घ्या, लिफ्टमध्ये घ्या, चहाच्या यंत्रापाशी घ्या. त्या बारा जणांना झोपू देऊ नका. यांना कुठे ठेवलंय हे कुणीतरी कुणाला तरी विचारलंच पाहिजे, आणि मला इथे उत्तर देत नाहीत. गप्प बसणं हे यांचं काम होतं, तुमचं नव्हे. तुम्ही ओरडा.

एक राहिलं. काल बैठकीच्या वेळी ते गुडघेवाले पाहुणे आले. त्यांची बदली झाली असं आम्हाला वाटलं होतं, पण तसं काही नव्हतं. दार लागलं होतं म्हणून त्यांचं इथलं काम संपलं होतं, आता ते पुन्हा सुरू झालं. उंबऱ्याबाहेर उभे राहिले. हळूच म्हणाले, “बाई, दार लावून घ्या हो. मला वर सांगावं लागतं.” मी म्हटलं, “सांगा. आधी बसा.” ते उशीकडे बघत राहिले, मग बसले. या वेळी झोपले नाहीत.

हे पत्र मी पाकिटात घालतेय, पण पाकीट चिकटवणार नाही. ज्याला वाचायचं असेल त्यानं वाचावं. काल जाताना पाहुण्यांनी ते अर्धवट लिहिलेलं टेबलावर बघितलं आणि म्हणाले, पोस्ट माझ्या वाटेवरच आहे, टाकतो. मी उद्या त्या ऑफिसात जाईन तेव्हा त्यांच्याकडेच देणार आहे. तुम्हाला मिळालं, तर त्यांनी टाकलं असं समजा.

तुमची
वहिनी